बारा रोल

फिलूने शारजाहून धाडलेलं यंत्र
तीन दिवस पुठ्ठ्यातच होतं.
बस्त्याव त्याच्याभोवती घुटमळायचा,
नव्या जावयाशी काय बोलावं
हे न सुचल्यासारखा.

चाळीस वर्षं पहाटे दोनला उठून
लाकडी दोणीत पीठ मळलं त्याने.
आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही,
आणि आमच्या भट्टीत
मांजर दुसऱ्यांदा व्यालीय.

चौथ्या दिवशी मीच झाकण उघडलं.
कोमट दूध, लोणी, अंडं, साखर,
वर मैदा, मैद्यात बोटाने खड्डा,
खड्ड्यात यीस्ट.
याच क्रमाने, आई, याच क्रमाने,
फिलू फोनवरून सांगत राहिली,
जपमाळेचे मणी शिकवताना
मी तिला सांगायची तसं.

पातं फिरलं.
बस्त्याव खुर्ची ओढून समोर,
टीचभर काचेला डोळा लावून.
"पीठ रडता हा," म्हणाला.
उघडू नको म्हणेपर्यंत झाकण वर,
मूठभर मैदा आत,
आणि फिरत्या गोळ्यावर दोन बोटं
ताप बघावा तशी.
"आता गप झाला."

मग दीड तास.
विहिरीमागच्या झाडाची दालचिनी
ऑक्टोबरात सोललेली,
माळ्यावर पडल्या पडल्या स्वतःच वळली होती,
तिला कुणी शिकवावं लागत नाही.
कुटली, गुळात कालवली.
ही आधी गोड लागते, मग टोचते.
माझी सासू उलट्या क्रमाची होती.

फळ कुठलं?
फिलू म्हणे सफरचंद घाल.
वेंगुर्ल्यात सफरचंद आजाऱ्याला भेटायला येतं,
स्वयंपाकघरात येत नाही.
मी डब्यातली फणसपोळी काढली,
मे महिन्यातली, बरक्याची,
सुपावर कावळे हाकत वाळवलेली.
लाटलेल्या पिठावर अंथरली, तर काय बसली!
दोघींचं माप
एकाच शिंप्याने घेतल्यासारखी.
वर दालचिनी, वर काजूचे तुकडे,
आणि गुंडाळत गेलो,
तो एका हाताने, मी दोन्ही.

सुरीने रोल दबतो.
त्याने गळाचा तंगूस उकळून घेतला,
खालून सरकवला,
वर गाठ मारावी तसा आवळला.
एक.
दोन.
बारा.

ते फुगायला ठेवले, तेव्हा आठवलं,
भाजायचं कशात?
यंत्रात विटेसारखा एकच पाव मावतो.
मी कढईत रेती तापवायच्या विचारात,
तर परसातून कुऱ्हाडीचा आवाज.
पिल्लं टोपलीत घालून
हा डाव्या हाताने लाकडं फोडतोय.
तीनशे पावांची भट्टी,
बारा रोलांसाठी.
"खूळ लागला काय तुका?"
"थंड पडली हा कधीची,"
एवढंच.

धूर गल्लीत गेला,
मागोमाग वास.
आधी कुंदा आली पिशवी घेऊन,
मग सलूनवाला, मानेवर फेस तसाच असलेलं
त्याचं गिऱ्हाईक,
मग एक रिक्षा थांबली, प्रवाशासकट.
रोल बारा, माणसं सव्वीस.
तंगूस परत निघाला.
फणस कडेने वितळून
ताटाला काळपट चिकटला होता,
तो खरवडायला पोरांची भांडणं.
कुंदा बोटं चाटत म्हणाली,
"बरा लागता. पण उद्या पाव गावतले मां?"

तो काही बोलला नाही.
रात्री यंत्राच्या पुठ्ठ्यावर
पेन्सिलीने हिशेब मांडत बसला.
खेपेला अर्धा किलो मैदा, दीड तास.
तीनशे पाव: खेपा पंधरा.
तास साडेबावीस.
उरला दीड. त्यापुढे लिहिलं: झोप?
आणि त्याच्या खाली,
अधोरेखित:
मांजर कुठे ठेवायची?